रेड ऑक्साइड मारून भागेल का? जुन्या ट्रकची चासी, केबिन आणि गंज

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९८० च्या दशकातला टाटा १२१० एसई, आयुष्यभर ऊस आणि खत वाहिलेला, आता तीन पावसाळे कोल्हापूरजवळ उघड्यावर उभा. इंजिन चालतं. चासीला खवले सुटलेत, केबिनचा पत्रा खालून कुजलाय. पेंटरचं म्हणणं, ग्राइंडरला वायर ब्रश लावून घासू, रेड ऑक्साइडचे दोन हात देऊ, वर काळा एनॅमल आणि आतून जळकं ऑइल. एवढ्यावर भागेल का?

भागेल, पण जेमतेम दोन पावसाळे. रेड ऑक्साइडमधला लाल रंग हा मुळात लोखंडाचाच ऑक्साइड. अल्किड तेलात घोटलेला हा प्राइमर वरच्या रंगाला पकड देतो, पण पाणी अडवायला तो फारसा कामाचा नाही. आणि वायर ब्रशने गंज निघत नाही, तो चकाकतो. पृष्ठभाग काळपट तुकतुकीत दिसला की घासणाऱ्याला वाटतं काम झालं. नखाएवढ्या खड्ड्यांच्या तळाशी गंज तसाच असतो आणि त्यात मीठ असतं. खरी अडचण त्या मिठाची आहे.

उसाची गाडी हंगाम संपला की खताला लागते, आणि पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते पोत्यातून सांडतं, हौद्याच्या फळ्यांतून झिरपतं आणि चासीच्या वरच्या पट्टीवर बसतं. क्लोराइड खड्ड्यात शिरलं की वर कितीही महाग रंग लावा, हवेतला ओलावा ओढून घेऊन ते रंगाखाली फोड आणतं. म्हणून अशा गाडीला ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कण मारून गंज उडवणं, एकदा करून पुरत नाही. पहिलं ब्लास्टिंग झालं की चासी स्वच्छ पाण्याने ओली करून रात्रभर सोडावी. सकाळी सगळीकडे हलका पिवळट गंज येणारच, पण खड्डे काळेकुट्ट दिसले तर आत मीठ आहे असं समजावं. मग जोराच्या पाण्याने धुऊन, वाळवून पुन्हा एक हलका हात मारायचा. हे दुसरं ब्लास्टिंग बहुतेक जण टाळतात आणि दोन वर्षांनी रंगाला दोष देतात.

पण ब्लास्टिंग नंतर. आधी गाडी मोकळी करा. हौदा उतरवा, बॅटरी, वायरिंग, ब्रेकचे पाइप, डिझेल टाकी सगळं काढा. प्रत्येक ब्रॅकेटचा फोटो काढा आणि त्याला पत्र्याचा बिल्ला तारेने बांधा, कारण कागदी लेबल वॉशिंगमध्ये जातं. टाकी रिकामी दिसली तरी तिला वेल्डिंगची काडी लावू नका. डिझेलची वाफ आत असतेच.

चासी नंबरची काळजी इथेच घ्यायची. नंबर लांब पट्टीवर ठोकलेला असतो आणि आरटीओत पेन्सिलने त्याची छाप घेतात. त्यावर ग्राइंडर फिरला किंवा ब्लास्टिंगचा मारा बसला की अक्षरं बोथट होतात, आणि बोथट नंबरची गाडी पासिंगला नेली की तुम्ही चोर ठरता. तेवढा वीतभर भाग पेंट रिमूव्हर आणि पितळी ब्रशने साफ करा, नंबर स्पष्ट वाचता येतो त्या अवस्थेत फोटो काढा, वर जाड रबर चिकटवा आणि मग बाकीचं काम. शेवटीही त्यावर जाड रंग चढवू नका. प्राइमरचा पातळ हात आणि वर पारदर्शक लॅकर पुरे.

मग धुणं. वॉशिंग सेंटरवर डिझेल मारून धुतात, त्याने चिखल-ग्रीस सुटतं, पण डिझेलचा तवंग मागे राहतो. त्यावर ब्लास्टिंग केलं तर तेल धातूच्या खरखरीत ठोकलं जातं. म्हणून डिझेलनंतर गरम पाणी आणि डिटर्जंटचे दोन हात, आणि मग साधी परीक्षा: धुतलेल्या पट्टीवर स्वच्छ पाणी ओता. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर तेल गेलं. थेंब थेंब होऊन फाटलं तर पुन्हा धुवा.

डांबरी कोट असेल तर तो ब्लास्टिंगला सोडू नका. डांबर मऊ असतं, खडी त्यावरून उडते. हीट गन आणि रुंद पटाशीने तो आधी खरवडावा. जुन्या गाड्यांचा प्राइमर शेंदराचा, म्हणजे शिशाचा असू शकतो, आणि ट्रकच्या त्या ओळखीच्या नारिंगी-पिवळ्या रंगातही शिसं असायचं. त्यामुळे जुना रंग कोरडा घासू नये. रिमूव्हरने किंवा पाणी लावून काढावा, नाकाला रुमाल पुरत नाही, धूळ अडवणारा नीट मास्क लावावा, आणि ती पोपडी गोठ्याजवळ किंवा शेतात टाकू नये.

आता ब्लास्टिंग. कोल्हापूरकरांना एक सोय आहे जी बऱ्याच गावांत मिळत नाही: शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगर भागात फाउंड्री आणि शॉट ब्लास्टिंगची यंत्रं भरपूर. म्हणून लोक चासीचे सुटे भाग तिकडे टाकतात. डिस्क, हँगर ब्रॅकेट, बंपर यांना ते चालतं. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फाउंड्रीतला शॉट, म्हणजे लोखंडी छर्रे, गोल असतो. तो लोखंड ठोकून गुळगुळीत करतो, रंगाला पकड देणारी धारदार खरखर पाडत नाही. आणि त्या शॉटमध्ये ओतकामाची वाळू मिसळलेली असते. चासीला कोनदार ग्रिट हवी, जी-४० किंवा जी-२५ (हे कणांच्या आकाराचे क्रमांक). ती नसेल तर गार्नेट (कठीण दगडाचा चुरा) किंवा कॉपर स्लॅग (तांबं गाळताना उरलेली मळ). नदीची वाळू कोणीही स्वस्तात मारून देईल, पण तिची बारीक सिलिका फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस बरा होत नाही. नळी धरणाऱ्या पोराचा जीव स्वस्त नाही.

हवेचा हिशोब आधी करा. ८ मिलिमीटर नोझल १०० पीएसआय दाबाला मिनिटाला साधारण १४० घनफूट हवा खातं. गॅरेजमधला ५ एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर १८–२० घनफूट देतो. त्यावर चासी ब्लास्ट करायला बसलात तर दिवाळी ते शिमगा एवढा वेळ जाईल. त्यामुळे मोठ्या डिझेल कॉम्प्रेसरवाल्याला बोलावणं किंवा चासी त्याच्याकडे नेणं हेच परवडतं. सात मीटरच्या चासीच्या दोन लांब पट्ट्या आतून-बाहेरून धरल्या तर सुमारे १० चौरस मीटर भरतात. आडव्या पट्ट्या, ब्रॅकेट, अ‍ॅक्सल मिळून २० च्या घरात जातं. कॉपर स्लॅग उघड्यावर मारली तर चौरस मीटरला ३०–४० किलो धरा, म्हणजे ५० किलोची १२ ते १६ पोती. दर्जा ‘एसए अडीच’ हवा असं स्पष्ट सांगा: जवळपास पांढरं लोखंड, फक्त हलके डाग चालतील. खरखरीची खोली ४० ते ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

हे सगळं जाड चासीसाठी आहे. केबिनच्या १८–२० गेजच्या पत्र्यावर तोच दाब मारला की पत्रा ठोकला जाऊन फुगतो, आणि एकदा पोट सुटलेला दरवाजा पुन्हा सरळ होत नाही. पत्र्याला रिमूव्हर, आणि जिथे गंज आहे तिथेच बारीक गार्नेट ३०–४० पीएसआयने, नोझल तिरकं धरून, एका जागी न थांबता.

पाट्यांना वेगळा नियम. पाटे म्हणजे अ‍ॅक्सलवर भार पेलणाऱ्या कमानी पट्ट्या, कडक केलेलं स्प्रिंग पोलाद. त्यांना ॲसिड लावायचं नाही. तेजाबात बुडवलेल्या पाट्यात हायड्रोजन शिरतो आणि भार पडल्यावर तो काचेसारखा तुटतो. उच्च ताकदीच्या बोल्टांचंही तेच. पाटे सुटे करा, वायर ब्रश, वाकलेला-चिरलेला पाटा बाद, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस. एवढंच.

बारीकसारीक भाग, म्हणजे बिजागऱ्या, कुलपं, बॉनेटचे कडे, पितळ-ॲल्युमिनियम सोडून बाकीचे, यांच्यासाठी घरच्या घरी दोन उपाय आहेत. एक मळीचा, म्हणजे साखर कारखान्यात उरणाऱ्या काळ्या चिकट पाकाचा. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात दोन ते तीन आठवडे. गंज विरघळतो, चांगलं लोखंड फारसं खात नाही. वास मात्र गावभर येतो आणि वर बुरशीची साय धरते. मळी हा उत्पादन शुल्क खात्याच्या नियंत्रणातला माल आहे, त्यामुळे टँकरवाल्याकडून परस्पर कॅन भरून आणायच्या भानगडीत पडू नका. आणि काकवी कोणी ओतू नये, ती भाकरीबरोबर खायची वस्तू आहे. दुसरा उपाय विजेचा: १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर, गंजलेला भाग ऋण टोकाला, जुन्या लोखंडी पट्ट्या धन टोकाला. स्टेनलेस स्टील धन टोकाला कधीच लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून उघड्या जागी करा, आणि इथेही पाटे, कडक बोल्ट नकोत.

आता चासीची खरी दुखणी. पहिलं दोन पत्त्यांमधलं, म्हणजे एकमेकांवर बसवलेल्या दोन पट्ट्यांमधलं. लांब पट्टीला आतून जोडपट्टी रिबिटने बसवलेली असते तिथे पाणी केशाकर्षणाने आत चढतं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे तो दोन्ही पत्ते आतून फाकवतो आणि रिबिट ताणतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात महामार्गावर, शिरोलीच्या बाजूला पाणी होतं तेव्हा ज्या गाड्या त्यात उभ्या राहिल्या, त्यांच्या या फटीत अजून गाळ निघेल. हातोडीने प्रत्येक रिबिटवर टकटक करा. घट्ट रिबिट खणखणतो, सैल रिबिट बद्द वाजतो आणि त्याच्या कडेने लाल पावडर झिरपते. फट दोन-तीन मिलिमीटरच्या वर उघडली असेल तर बाहेरून रंगवून काही होणार नाही. रिबिट कापून पत्ते सुटे करायचे, दोन्ही बाजू ब्लास्ट करून एपॉक्सी (हार्डनर मिसळून लावायचा टणक रंग) लावायचा, आणि भोक रीम करून १०.९ ग्रेडच्या घट्ट बसणाऱ्या बोल्टांनी परत बांधायचं. फट कमी असेल तर पातळ हॅक्सॉ पात्याने साफ करून हवा मारा, पातळ केलेला एपॉक्सी आत मुरू द्या आणि कड सीम सीलरने बंद करा. फक्त खालची कड थोडी उघडी ठेवा. आत गेलेलं पाणी बाहेर यायलाही वाट लागते.

दुसरं दुखणं हौद्याखालच्या लाकडाचं. हौदा आणि चासीच्या मध्ये जो लांब लाकडी रनर असतो तो पावसात स्पंजासारखा भिजतो आणि जानेवारीपर्यंत वाळत नाही. वरची पट्टी त्याच्या खाली खड्डे पडून जिथे अर्धी झाली असेल तिथे वेल्डिंगचा ठिगळ मारायचा मोह होतो. चासीच्या पट्टीच्या आडव्या कडेवर वेल्डिंग किंवा भोक नको. तिथेच सगळ्यात जास्त ताण असतो आणि तिथूनच तडा जातो. जाडी जागोजागी मोजा. मूळच्या पाऊण जाडीपेक्षा कमी भरली तर काम रंगाऱ्याचं राहत नाही, ते चासीवाल्याचं होतं. परत बसवताना रनरला चारी बाजूंनी रंग देऊन, टोकं डांबरात बुडवून वापरा, आणि जिथे यू-बोल्ट येतात तिथे पट्टीच्या पोटात लोखंडी आधार घाला, नाहीतर बोल्ट आवळताना कड वाकते आणि वाकलेल्या कडेवर पाणी साचतं.

केबिनची गोष्ट निराळी. या गाड्या कारखान्यातून काउल (पुढच्या काचेखालचा पत्र्याचा भाग) आणि बॉनेटसह चासी म्हणून यायच्या. केबिन गावातल्या बॉडीवाल्याने लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बांधलेली. म्हणजे तुमच्या गाडीत पत्रा बाहेरून कुजलेला नाही, ओल्या लाकडाच्या बाजूने कुजलाय. बाहेरून दिसणारा फोड हा शेवटचा टप्पा. दरवाजाचा तळ, पुढच्या काचेचे खालचे कोपरे, रबर मॅटखालची फळी आणि बॅटरीच्या पेटीशेजारचा कोपरा, जिथे ॲसिड सांडलेलं असतं, या चार ठिकाणी पेचकस टोचून बघा. आत शिरला तर लाकूड बदलल्याशिवाय पत्रा लावू नका. नवीन लाकडाच्या प्रत्येक बाजूला, खाचेतसुद्धा, दोन हात प्राइमर देऊन मग पत्रा ठोका, आणि पत्रा-लाकूड यांच्यामध्ये सीलरची पट्टी घाला. कुजलेला पत्रा पुरता कापून १८ गेजचा सीआरसीए (थंड लाटलेला) पत्रा ०.८ मिलिमीटर तारेच्या मिग वेल्डिंगने ठिपका-ठिपका जोडा. एका ठिकाणी दोन सेंटिमीटर, मग वीतभर लांब जाऊन दुसरा. गॅस वेल्डिंगने पत्रा लाटा धरतो. गंजावर पत्रा रिबिट करणं म्हणजे नवीन फट विकत घेणं.

लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, उघड्या पत्र्यावर भरायची नाही. आधी एपॉक्सी प्राइमर, त्यावर लांबी, त्यावर पुन्हा प्राइमर. पॉलिएस्टर लांबी पाणी पिते. पेंटर घाईत असतो तेव्हा हाच क्रम उलटा होतो.

रंगाचा क्रम. ब्लास्टिंगनंतर चार तासांच्या आत पहिला हात गेला पाहिजे. पावसाळ्यात तो वेळ अर्ध्या तासावर येतो, म्हणून जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. दिवाळीनंतर ते मार्च हा काळ चांगला, पण त्यातही पहाटे नाही. थंडीत नदीकाठच्या बाजूला सकाळी हवा २० अंश आणि ओलावा ९० टक्के असेल तर दवबिंदू १८ च्या वर असतो, आणि रात्रभर गारठलेलं लोखंड त्याहून थंड. डोळ्यांना दिसणार नाही, पण त्यावर पाणी असतं. लोखंड दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम आणि हवेतला ओलावा ८५ टक्क्यांच्या आत, हा नियम. अकरा ते चार या वेळात तो बहुधा पाळला जातो. हंगामात आणखी एक त्रास: कारखान्याच्या आणि गुऱ्हाळाच्या धुराड्याची काळी काजळी ओल्या रंगावर येऊन बसते. शेड चारी बाजूंनी झाका आणि जमीन पाणी मारून ठेवा.

चासीवर दोन भागांचा झिंक फॉस्फेट एपॉक्सी प्राइमर, दोन हातांत ८० ते १०० मायक्रॉन. झिंक रिच प्राइमर त्याहून चांगला, पण तो फक्त ब्लास्ट केलेल्या लोखंडावर. रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं ॲसिडचं रसायन) किंवा जुन्या रंगावर तो काही कामाचा नाही. रस्ट कन्व्हर्टर आणि एपॉक्सी यांचंही जमत नाही. फॉस्फोरिक ॲसिडचा अंश खाली राहिला की एपॉक्सी तिथून पत्र्यासारखा सोलून येतो. कन्व्हर्टर वापरलाच तर ओला असतानाच पुसून, पाण्याने धुऊन, पुरता वाळवून. प्राइमरवर १०० मायक्रॉनचा एमआयओ (अभ्रकासारख्या पापुद्र्यांच्या लोह-ऑक्साइडचा) एपॉक्सी आणि सगळ्यात वर ५०–६० मायक्रॉन पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. एपॉक्सी उन्हात खडूसारखा पांढरट होतो, म्हणून पीयू हवाच.

फवारणीच्या आधी ब्रशने कडा, रिबिटची डोकी, वेल्डिंग आणि बोल्टची भोकं एकदा भरून घ्या. रंग वाळताना धारदार कडेवरून मागे ओढला जातो, आणि गंज नेहमी कडेवरूनच सुरू होतो. हा एक तास वाचवून कोणाचंच भलं झालेलं नाही.

प्रमाण: निम्मा घन भाग असलेला रंग लिटरला ५० मायक्रॉनने कागदावर १० चौरस मीटर जातो. चासीसारख्या अरुंद वस्तूवर निम्मा हवेत जातो, म्हणून ५–६ धरा. २० चौरस मीटरला दर हाताला सुमारे ४ लिटर. हार्डनर मिसळल्यावर २०–३० मिनिटं थांबा, ३० अंशाला चार-पाच तासांत संपवा, आणि थिनर त्याच रंगाचा वापरा. एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर घातलेला एपॉक्सी वाळतो छान, पिकत, म्हणजे आतून कडक होत, मात्र नाही. पुढचा हात दुसऱ्या दिवशी. आठवडा उलटला तर २२० च्या पॉलिश पेपरने खरखरीत करून मगच. कॉम्प्रेसरच्या लाइनला पाण्याचा ट्रॅप हवा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, त्याला साधा कापडी मास्क चालत नाही. कार्ट्रिजचा मास्क, आणि जमल्यास बाहेरून हवेची नळी.

उरलं जळकं ऑइल. ते आम्लधर्मी असतं, बुशचं रबर आणि ब्रेकचे होज फुगवतं, त्यावर धूळ बसून ओल धरते, आणि पुढे कधी रंग द्यायचा म्हटला तर एकही रंग धरत नाही. त्याऐवजी दरवाज्यांचा पोकळ भाग, काउलचे कोपरे आणि बंद पट्ट्या यांत कॅव्हिटी वॅक्स लांब नळीने मारा. सगळा रंग पिकल्यावर, म्हणजे शेवटच्या हातानंतर आठवड्याभराने. आणि मारून झाल्यावर तळाची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. दरवाजाच्या तळाची तीन-चार भोकं वॅक्सने किंवा रंगाने बुजलेली राहिली तर काचेच्या फटीतून आलेलं पाणी आतच साठतं, आणि पुढच्या गणपतीपर्यंत नवा पत्रा खालून तांबडा दिसायला लागतो.